सत्तेचाळिसावी पट्टी

१

संगीतशाळेच्या ग्रंथालयातलं तिसरं कपाट सकाळी दहा वाजता उघडलं, तेव्हा त्यात सगळं जागच्या जागी होतं. फक्त जे हवं होतं तेवढंच नव्हतं.

निळ्या पुठ्ठ्याची ती वही आठ दिवसांपूर्वी सिस्टरनी स्वतःच्या हाताने ग्रंथपालांकडे सोपवली होती. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. छत्तीस वर्षं वॉर्डात काढल्यामुळे रडणं त्यांना जमत नसे. त्या रिकाम्या खणाकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या.

"कुलूप शाबूत आहे," ग्रंथपाल म्हणाले. "काल संध्याकाळी मीच लावलं होतं. मला तर काही सुचेनासं झालंय."

दारात कानमावशी उभी होती. ही पियानो जुळवणारी बाई. वय पासष्ट, गुडघे त्याहून दहा वर्षांनी मोठे आणि कान मात्र अजून विशीतले. पन्नास पावलांवरून कुठल्या खोलीतला कुठला सूर उतरलाय ते ती सांगे, म्हणून शाळेत सगळे तिला कानमावशी म्हणत. दुसऱ्या दिवशी शाळेला शंभर वर्षं पुरी होणार होती, त्यासाठी दोन दिवस तिचं काम चाललं होतं.

"काय होतं त्या वहीत?" तिने विचारलं.

"माझी आत्या होती," सिस्टर म्हणाल्या.

ते खरंही होतं. सिस्टरची आत्या याच शाळेत तीस वर्षं पियानो वाजवायची. दुसऱ्यांच्या गाण्याला साथ करायची आणि मुलांना बोटं कशी ठेवायची ते शिकवायची. ती गेली तेव्हा तिचा जुना उभा पियानो शाळेला दिला गेला, चार नंबरच्या खोलीत ठेवला गेला, आणि आत्याचा विषय तिथेच संपला. पुढे कित्येक वर्षांनी ट्रंकेच्या तळाशी ही वही निघाली. वहीत बारा छोट्या रचना होत्या. खाडाखोड केलेल्या, प्रत्येकीखाली तारीख घातलेल्या.

या बारा रचना माहीत नाहीत असं पियानो शिकणारं एकही पोर नव्हतं. त्यांना 'बारा पायऱ्या' म्हणत, आणि त्यांच्यावर नाव होतं शाळेच्या संस्थापकांचं, म्हणजे थोरल्या सरांचं. त्यांची नवी आवृत्ती आजच छापायला जायची होती. आधीची निघून तीस वर्षं झाली होती, म्हणजे पुढची कधी निघेल ते देवालाच ठाऊक. विश्वस्तांनी सिस्टरना सांगितलं होतं, की संध्याकाळी पाचच्या बैठकीत पुरावा दाखवा, नाव बदलू. सहा वाजता छापखान्याचा माणूस मुखपृष्ठ घेऊन जाणार होता.

"झेरॉक्स काढून ठेवली नाहीत?" कानमावशीने विचारलं.

"काढणार होते. ग्रंथपालच म्हणाले, त्या उजेडाने जुनी शाई उडते."

"उडतेच मुळी," ग्रंथपाल म्हणाले.

कानमावशी सिस्टरना बाजूला घेऊन म्हणाली, "पाचला अजून सात तास आहेत. माझा एकच पियानो जुळवायचा राहिलाय. खरं सांगा, तुम्हाला हे एवढं का लागलंय? आत्याबाई तर गेल्या."

सिस्टरनी एकदा त्या कपाटाकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "शेवटच्या आठवड्यात ती माझ्याच वॉर्डात होती. व्हरांड्यात कुणाचं तरी पोर पहिली पायरी गुणगुणत होतं. आत्या म्हणाली, हे माझं आहे. तीनदा म्हणाली. आणि मी, तिच्या रक्ताच्या भाचीने, तिच्या कागदावर लिहिलं, रुग्ण भ्रमात बोलते. माझ्या अक्षरात आहे ते. अजून डोळ्यांपुढून जात नाही."

२

कानमावशीने चौकशी केली ती आपल्या पद्धतीने. हातात जुळवणीची किल्ली, खांद्यावर पिशवी, आणि तोंडाने हवापाण्याच्या गप्पा. पियानो जुळवणाऱ्या बाईसमोर माणसं मोकळं बोलतात. तिचं लक्ष तारांकडे आहे असं त्यांना वाटतं.

आधी ती धाकट्या सरांकडे गेली. हे थोरल्या सरांचे नातू आणि शाळेचे मुख्याध्यापक. साठी उलटली तरी शाळेत ते धाकटेच राहिले होते. कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असे.

"लोक म्हणणार मीच चोरली," ते म्हणाले. "आजोबांचं नाव जातंय ना. पण मावशी, मला काही लपवायचंच असतं तर ही तिजोरी काय शोभेला ठेवलीय?" त्यांनी पाठीमागच्या लोखंडी तिजोरीवर थाप मारली. "आणि खरं सांगू? आजोबांनी केलेलं शाळेचं गीत मी रोज सकाळी ऐकतो. बरं आहे. पण पायऱ्या ज्याने लिहिल्या त्याने हे लिहिलं असेल, यावर माझा लहानपणापासून विश्वास बसलेला नाही. पुराव्याशिवाय मात्र मी बोलणार नाही."

मग वादिका भेटली. ही तिशीतली मुलगी. तिने पायऱ्या वाजवूनच नाव कमावलं होतं, आणि उद्याचं वादन तिचंच होतं. काल संध्याकाळी सहापर्यंत ती चार नंबरच्या खोलीत सराव करत होती, आणि आजही तिथेच होती.

"नाव कुणाचंही असो, बोटं माझीच लागणार," ती म्हणाली. "पण काहीतरी चमत्कारिक आहे या रचनांत, मावशी. हात सरळ चालत येतो आणि मध्येच एक पायरी गाळून उडी मारतो. म्हणूनच तर पायऱ्या नाव पडलं. परीक्षक याला थोरल्या सरांची खुबी म्हणतात. आणि बारावीत बघा, सुरुवातीलाच एकच सूर सात वेळा."

"का बरं सात?"

"ग्रंथपालांना विचारा. त्यांनी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय."

ग्रंथपालांनी खरंच लिहिलं होतं. थोरल्या सरांचं सहाशे पानी चरित्र, बावीस वर्षांची मेहनत. आपल्या ग्रंथाविषयी कुणी विचारलं की त्यांचा चेहरा उजळे. त्यांनी प्रत उतरवली आणि तिची पांढरी फीत सोडली. त्यांच्याकडचं प्रत्येक जुनं पुस्तक बटर पेपरात गुंडाळलेलं, पांढऱ्या फितीने बांधलेलं आणि सोबत मलमलच्या पुरचुंडीत दोन डांबरगोळ्या, असं असे. शाळेतली मुलं म्हणत, ग्रंथपाल घरी पोळ्याही फीत बांधूनच ठेवत असतील.

"हात पुसा आधी," ते कानमावशीला म्हणाले. "हं. पान चारशे दोन. हॉलमधल्या घड्याळाने सातचे ठोके दिले, आणि सरांना बारावी पायरी सुचली. ते हॉलमधल्या मोठ्या पियानोवरच रचना करत. 'त्या पियानोखेरीज दुसऱ्या वाद्याला सरांनी आयुष्यभर बोट लावलं नाही.' हे मी चाळीस माणसांना विचारून लिहिलंय. दगडावरची रेघ समजा."

"आणि आत्याबाई? त्यांच्यावर किती पानं?"

ग्रंथपालांनी चष्मा पुसला. "त्यांचा उल्लेख आहे की. एका तळटीपेत."

३

दुपारी तीनला कानमावशी सिस्टरना घेऊन चार नंबरच्या खोलीत आली. आत्याबाईंचा पियानो तिने कालच दुपारी जुळवून ठेवला होता, पण वादिकेने तक्रार केली होती.

"डावं पेडल अर्ध्यावर अडतंय, मावशी. काल सहाला मी गेले तेव्हा चांगलं होतं," असं सांगून ती चहा प्यायला गेली.

कानमावशीने पेडल दाबलं. ते खाली गेलं आणि मध्येच मऊ काहीतरी लागून थांबलं. तिने पियानोच्या पायाशी बसकण मारली, नाक पुढे केलं आणि हुंगलं. मग हसली.

"सिस्टर, दार लावून घ्या. काखेत कळसा आणि आपण गावभर वळसा घालतोय."

उभ्या पियानोची खालची फळी एका चापावर अडकवलेली असते. चाप दाबला की फळी हातात येते. आत पेडलच्या दांड्या असतात, थोडी धूळ असते, आणि एरवी काही नसतं. आज डाव्या दांडीखाली एक पुडकं होतं. सिस्टरनी ते छातीशी धरलं, मग उघडलं. वही होती. एक कोपराही दुमडलेला नव्हता.

"आता चला वर, बैठकीत," सिस्टर म्हणाल्या.

"थांबा. पाच वाजायचेत अजून. वही द्या इकडे."

कानमावशी वही घेऊन पियानोपुढे बसली. वाजवता तिला फारसं येत नसे, पण लिहिलेलं वाचता येई. एकेका पानावरून तिचं बोट सावकाश फिरत गेलं. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. अकराव्या पानाशी ती थबकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. या खेपेला ती प्रत्येक पानावर एकच सूर शोधत होती, हे सिस्टरना एकाच रेघेवरून सरकणाऱ्या तिच्या बोटावरून कळलं. बारावं पान उघडताच तिने डोळे मिटले.

"माझे बाबा या पियानोचे वैद्य होते," ती म्हणाली. "हाच धंदा होता त्यांचा. त्यांची एक सवय होती. म्हणायचे, पियानोचं आजारपण पियानोच्याच पोटात लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या माणसाला साप म्हणून भुई धोपटावी लागत नाही."

तिने वरचं झाकण उघडलं, पट्ट्यांवरची आडवी दांडी सोडवली, डावीकडून मोजत गेली आणि एक पांढरी पट्टी अलगद उपसली. पट्टीचा जो भाग एरवी आत दडलेला असतो, ते लाकूड उजेडाकडे धरलं. पेन्सिलीच्या दोन ओळी होत्या. त्या वाचून ती इतका वेळ गप्प बसली की सिस्टरनी सवयीने तिची नाडी धरली.

"मी ठीक आहे हो," कानमावशी म्हणाली आणि पट्टी पुन्हा जागेवर बसवली. "बैठक इथेच बोलवा. या खोलीत. आणि ग्रंथपालांना सांगा, तुमचं पुस्तक घेऊन या."

४

पाचला तिघे विश्वस्त, धाकटे सर, वादिका आणि ग्रंथपाल खोलीत दाटीवाटीने बसले. पियानोवर ते पुडकं ठेवलेलं होतं, सापडलं तसं पुन्हा बांधून.

"वही मिळाली," कानमावशी म्हणाली. "या पियानोच्या पोटात होती. काल संध्याकाळी सहानंतर ठेवली, कारण तोवर पेडल नीट होतं. कपाटाचं कुलूप फोडलेलं नाही, म्हणजे ठेवणाऱ्याकडे किल्ली होती. किल्ल्या दोन. धाकटे सर आणि ग्रंथपाल."

"म्हणजे आलंच माझ्यावर," धाकटे सर म्हणाले.

"तुमच्याकडे तिजोरी आहे, सर. तिजोरीवाला माणूस गुडघ्यांवर बसून पियानोत कशाला खुपसेल? आणि तुम्हाला ही फळी निघते हेच माहीत नाही. या मुलीला माहीत आहे, पण तिच्याकडे किल्ली नाही, आणि आपलंच पेडल अडवून ती सराव का करेल? गेल्या वर्षी इथे एका मुलाची पेन्सिल आत पडली. मी फळी काढली तेव्हा बघायला कोण उभं होतं, ग्रंथपाल?"

ग्रंथपाल उठून उभे राहिले. "फळी कुणीही काढील. तेवढ्यावरून..."

"तेवढ्यावरून नाहीच. हे पुडकं बघा सगळे. ज्याला वही नकोशी आहे तो ती फाडतो, जाळतो, विहिरीत टाकतो. या चोराने ती बटर पेपरात गुंडाळली, पांढऱ्या फितीने बांधली, आणि किडा लागू नये म्हणून मलमलच्या पुरचुंडीत दोन डांबरगोळ्या ठेवल्या. जुन्या कागदाला इजा करायला हात धजला नाही त्याचा. चोरी करतानाही आपली नोकरी करत होता बिचारा."

कुणी हसलं नाही. ग्रंथपालांनी पुडक्याकडे पाहिलं, आणि सवयीने फितीची गाठ जरा सरळ केली. त्यांना ते करताना सगळ्यांनी पाहिलं, आणि त्यांनाही ते कळलं.

"बावीस वर्षं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आवृत्ती छापून झाली असती की परत कपाटात ठेवणार होतो. फाडणार नव्हतो, शपथेवर सांगतो."

"ते मला पुडकं बघताच कळलं," कानमावशी म्हणाली.

सिस्टरनी सुटकेचा श्वास सोडला, पण जरा लवकरच. सगळ्यांत थोरले विश्वस्त वही चाळून म्हणाले, "चोरी झाली ते वाईटच. पण यातून सिद्ध काय होतं? आत्याबाई थोरल्या सरांच्या लेखनिक होत्या. सर वाजवत, त्या उतरवून घेत. खाडाखोडही सरांच्या सांगण्यावरून केली असेल. अक्षर त्यांचं आहे. म्हणून संगीतही त्यांचं कसं?"

सिस्टरनी घड्याळाकडे पाहिलं. साडेपाच वाजले होते, आणि खाली छापखान्याचा माणूस सायकल लावून आत आला होता.

"हाच प्रश्न मला हवा होता," कानमावशी म्हणाली.

५

तिने पिशवीतून बोटभर नमद्याचा तुकडा काढला, जाड लोकरी कापडाचा, जो जुळवताना तारा मुक्या करायला वापरतात. वरचं झाकण उघडून तिने तो एका सुराच्या तारांत खोचला. मग डावीकडून सत्तेचाळिसावी पट्टी दाबली. नुसतं ठप झालं.

"ही पट्टी आता मुकी आहे. पोरी, बस. पहिली पायरी वाजव. मग दुसरी. थांबू नकोस. कुठे सूर हुकला तर सगळ्यांनी हात वर करा."

वादिका वाजवू लागली. पहिली पायरी झाली, दुसरी झाली. विश्वस्त कान देऊन ऐकत होते, धाकटे सर पुढे सरकले होते. मुक्या पट्टीच्या अलीकडे हात येई, उडी मारी आणि पलीकडे उतरे. पाचवीपर्यंत वादिकेच्या ध्यानात आलं आणि तिचे डोळे मोठे झाले, पण तिने हात थांबवला नाही. अकराव्या पायरीचा शेवटचा सूर विरला, तेव्हा खोलीत कुणाचाही हात वर नव्हता.

"एकदाही लागली नाही," ती म्हणाली. "अकरा रचना, आणि ही पट्टी एकदाही नाही. मी पंधरा वर्षं वाजवतेय. माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"आता बारावी."

बारावीचा पहिला सूर. ठप. दुसरा. ठप. सात वेळा नुसतं ठप, ठप झालं, आणि आठव्या सुराला संगीत सुरू झालं.

कानमावशीने पट्टी उपसून विश्वस्तांच्या हातात दिली. "वाचा. मोठ्याने."

थोरल्या विश्वस्तांनी चष्मा वर सरकवला. "'चौदा जून. खुंट्यांचं लाकूड तडकलं, तारा सूर धरत नाहीत. नमदा लावून पट्टी बंद केली.' साल दिलंय. खाली... 'नऊ मार्च. जाड खुंट्या आल्या. बसवल्या. नमदा काढला.' म्हणजे पावणेतीन वर्षांनी."

"तेव्हा महायुद्धामुळे बोटी बंद होत्या. तारा ताणायच्या या खुंट्या परदेशातून यायच्या. पावणेतीन वर्षं या पियानोची ही पट्टी मुकी होती, आणि आत्याबाईंच्या घरी दुसरा पियानो नव्हता. आता वही. सिस्टर, पहिल्या पायरीची तारीख?"

"दोन जुलै. त्याच साली."

"अकरावीची?"

"वीस फेब्रुवारी. नमदा निघाला त्याच साली, पण त्याच्या आधीची."

"आणि बारावीची?"

सिस्टरनी तारखेवर बोट ठेवून वही धाकट्या सरांकडे दिली. त्यांनी वाचलं, "दहा मार्च. नमदा निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची."

"बाबा सांगायचे," कानमावशी म्हणाली. "खुंट्या बसवून झाल्या तेव्हा त्या बाई ती एकच पट्टी वाजवत सुटल्या. मोजून सात वेळा. वाजवताना हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. म्हणाल्या, इतकी वर्षं मी हिला चुकवून चालले, आता आधी हिच्याचकडे जाणार. घड्याळबिड्याळ काही नाही हो. ते सात ठोके म्हणजे एका बाईचा आनंद आहे."

"पण सरांनीही त्यांच्या घरी जाऊन याच पियानोवर..." दुसरे एक विश्वस्त चाचरत म्हणाले.

"ग्रंथपाल, पान चारशे दोन," कानमावशी म्हणाली.

ग्रंथपालांनी पुस्तक उघडलंही नाही. त्यांना पाठ होतं. "'त्या पियानोखेरीज दुसऱ्या वाद्याला सरांनी आयुष्यभर बोट लावलं नाही,'" ते म्हणाले. मग अगदी स्वच्छ आवाजात, "हॉलच्या पियानोत ही पट्टी नेहमी चालू होती. दुरुस्तीच्या सगळ्या नोंदी माझ्याकडे आहेत. सरांच्या इतर प्रत्येक रचनेत हा सूर भरपूर आहे. शाळेचं गीत तर त्याच्यावरच सुरू होतं." त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. "या पायऱ्या सरांच्या नाहीत. हे मी लिहून देतो."

धाकट्या सरांनी मुखपृष्ठाचा कागद पुढे ओढला. आजोबांच्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि पेन सिस्टरच्या हातात दिलं. "आजोबा बहुधा खोटं बोलले नसतील," ते म्हणाले. "शाळेत जे छापलं जाई त्यावर त्यांचंच नाव पडे. पण कुणी वाखाणलं की ते गप्प बसत. गप्प बसणं सोपं असतं. नीट, पूर्ण नाव लिहा."

सिस्टरनी ते मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिलं. छापखान्याचा माणूस सहाच्या ठोक्याला कागद घेऊन निघून गेला.

६

दुसऱ्या दिवशी हॉलमधला मोठा पियानो बाजूला सारला होता. रंगमंचाच्या मधोमध आत्याबाईंचा पोपडे निघालेला उभा पियानो होता. ग्रंथपालांनी राजीनामा दिला होता, आणि धाकट्या सरांनी तो खिशात ठेवला होता. म्हणाले, आधी दुसरं चरित्र लिहा, मग बघू. ग्रंथपाल शेवटच्या रांगेत नवी कोरी वही घेऊन बसले होते. तिला अजून फीत नव्हती.

वादिकेने आत्याबाईंचं नाव घेतलं, मोठ्याने, संपूर्ण. हॉलमधल्या आठशे लोकांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. मग तिने ती पट्टी आणि ती पावणेतीन वर्षं चार वाक्यांत सांगितली आणि वाजवायला बसली. अकरा पायऱ्या लोकांनी श्वास रोखून ऐकल्या. लहानपणापासून ऐकलेलं संगीत ते नव्याने ऐकत होते, कारण आता प्रत्येक उडीपाशी त्यांना ती मुकी पट्टी दिसत होती.

बारावीचा पहिला सूर लागला. मग दुसरा. तिसऱ्याला पुढच्या रांगेतली मुलं उठून उभी राहिली, पाचव्याला सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. सातवा सूर संपला तरी टाळ्या थांबेनात, आणि वादिकेला ती रचना पुन्हा सुरुवातीपासून वाजवावी लागली. सिस्टर मात्र बसून होत्या. छत्तीस वर्षांचं न रडलेलं रडून घेत होत्या.

हॉल रिकामा झाल्यावर कानमावशीने पियानो उघडला आणि सत्तेचाळिसावी पट्टी उपसली. बाबांच्या दोन ओळींखाली बोटभर कोरं लाकूड होतं. तिने कानामागची पेन्सिल काढली, तिचं टोक बघितलं, आणि ती सिस्टरच्या हातात दिली.

"नोंद तुम्ही करा. तुमची एक जुनी नोंद दुरुस्त व्हायची आहे ना."

सिस्टरनी पट्टी मांडीवर घेतली. वॉर्डातल्या कागदावर लिहीत तसं, आधी तारीख घातली, मग वेळ. नंतर सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"पट्टी वाजते. रुग्ण पूर्ण शुद्धीवर होती."